इक्वेडोरचे डोंगर आणि तिथली जुनी स्पॅनिश शहरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्विटो, क्वेंका आणि त्यांच्यामधल्या ज्वालामुखींच्या पट्ट्याबद्दल मराठी प्रवाशांकडून जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला अगदी प्राथमिक प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे आणि अपवादांचे. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. इक्वेडोरचा डोंगराळ भाग म्हणजे नेमका कोणता?

इक्वेडोर महाराष्ट्रापेक्षा लहान देश आहे, पण त्याचे चार भाग एकमेकांपासून पूर्ण वेगळे: पश्चिमेला पॅसिफिकचा किनारा, पूर्वेला ॲमेझॉनचं जंगल, दूर समुद्रात गालापागोस बेटं आणि मधोमध दक्षिणोत्तर गेलेला अँडीज. या मधल्या पट्ट्याला तिथे 'सिएरा' म्हणतात. अँडीजच्या दोन रांगा इथे जवळजवळ समांतर धावतात. रांगांवर ज्वालामुखी आणि मधल्या खोऱ्यांत शहरं, अशी साधारण रचना आहे. उत्तरेकडून खाली येताना ओतावालो, क्विटो, लाताकुंगा, बान्योस, रिओबाम्बा आणि क्वेंका ही मुख्य ठिकाणं लागतात.

इथली शहरं स्पॅनिश लोकांनी कोऱ्या जागेवर वसवली नाहीत. क्विटो हे इंकांचं ठाणं होतं. १५३४ मध्ये स्पॅनिश फौज पोचण्याआधी इंका सेनापती रूमिन्यावीने ते जाळून टाकलं आणि त्या राखेवर नवं शहर उभं राहिलं. क्वेंकाखाली तोमेबाम्बा हे इंकांचं मोठं नगर आहे. हे डोक्यात ठेवून फिरलात तर भिंतीतला दगडही वेगळा दिसू लागतो.

२. किती दिवस काढावे लागतील?

बारा दिवस असतील तर उत्तम: क्विटोला चार, ओतावालोला एक मुक्काम, कोतोपाक्सी ज्वालामुखी आणि किलोतोआ तळ्याच्या भागात दोन, बान्योसला दोन आणि क्वेंकाला तीन. आठच दिवस असतील तर क्विटो आणि क्वेंका ठेवा, दोन्हींमध्ये विमानाने जा आणि मधला एकच डोंगर निवडा. सगळं 'करून टाकण्याचा' कार्यक्रम मी कुणालाच सुचवत नाही. उंचीवर शरीराला वेळ द्यावाच लागतो (प्रश्न ४), आणि जुनी शहरं गाडीच्या काचेतून बघण्यासारखी नाहीतच.

३. कोणत्या महिन्यात जावं?

जून ते सप्टेंबर हे सिएराचे कोरडे महिने. डोंगर मोकळे दिसण्याची शक्यता तेव्हा जास्त, वाराही जास्त. ऑक्टोबर ते मे पाऊस असतो, पण तो आपल्या कोकणासारखा दिवसदिवस कोसळत नाही. बहुतेक वेळा सकाळ स्वच्छ असते आणि दुपारनंतर सरी येतात. नाताळच्या सुमारासही थोडी उघडीप मिळते.

अपवाद बान्योसचा. ते अँडीजच्या पूर्व उतारावर, ॲमेझॉनच्या तोंडाशी आहे, त्यामुळे जून-जुलैत क्विटोला ऊन असताना तिथे भरपूर पाऊस असू शकतो.

विषुववृत्तावर असल्यामुळे उन्हाळा-हिवाळा असा फरक फारसा नाही. वर्षभर सूर्य सहाच्या आसपास उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो. क्विटोला दुपारी विसाच्या आसपास आणि रात्री दहाच्या आसपास तापमान असतं. एकावर एक घालता येतील असे कपडे न्या. टोपी आणि सनस्क्रीन विसरू नका: हवा थंड असली तरी इतक्या उंचीवर, तेही विषुववृत्तावर, ऊन त्वचा भाजून काढतं.

४. उंचीचा त्रास होतो का? आईबाबा साठीच्या पुढचे आहेत.

होऊ शकतो, आणि कुणाला होईल हे वयावरून किंवा तब्येतीवरून आधी सांगता येत नाही. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे. क्विटो २,८५० मीटरवर आहे, म्हणजे तिथल्या हॉटेलातली तुमची खाटच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हजार मीटरहून जास्त वर असते. पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागणं, डोकं जड होणं, रात्री झोप तुटणं, भूक मंदावणं हे अगदी सर्रास होतं आणि दोनतीन दिवसांत बहुतेकांचं कमी होतं.

पहिले दोन दिवस जुन्या शहरात सावकाश चाला, पाणी पीत राहा, हलकं जेवा, दारू टाळा. पिचिंचा डोंगरावर जाणारा रोपवे थेट ३,९५० मीटरच्या आसपास नेऊन सोडतो. लोक नेमके पहिल्याच सकाळी त्यात बसतात आणि पुढचे दोन दिवस खोलीत पडून काढतात. तो तिसऱ्या-चौथ्या दिवसावर ढकला. कोतोपाक्सी आणि किलोतोआ त्याच्याही नंतर. बान्योस मात्र १,८०० मीटरच्या आसपास आहे, म्हणून उंच ठिकाणं झाल्यावर तिथे दोन रात्री काढल्या की जिवाला बरं वाटतं.

डायमॉक्स नावाची गोळी अनेक जण घेतात, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्या, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर. हृदयविकार, फुप्फुसांचा आजार, वाढलेला रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांशी बोला. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात गोंधळ होऊ लागला, तर सकाळची वाट न बघता ताबडतोब खाली उतरा आणि दवाखाना गाठा.

५. भारतीयांना व्हिसा लागतो का? आणि तिथे पोचायचं कसं?

लागतो. ऑगस्ट २०१९ पासून भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढून जावं लागतं. त्याआधीचे 'व्हिसा लागत नाही' सांगणारे लेख अजून फिरत असतात, त्यांवर विसंबू नका. इक्वेडोरचा दूतावास नवी दिल्लीत आहे.

भारतातून थेट विमान नाही. युरोपातून माद्रिद किंवा ॲमस्टरडॅममार्गे जाणं सरळ पडतं. अमेरिकेत विमान बदलणार असाल तर विमानतळाबाहेर पाऊल टाकलं नाही तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. युरोपातल्या विमानतळांचे ट्रान्झिटचे नियम देशागणिक वेगळे आहेत, तेव्हा तिकिटाच्या किमतीआधी मार्ग तपासा. परतीच्या प्रवासातही एक कागद लागतो, तो प्रश्न २१ मध्ये पाहा.

६. पैसे कोणते न्यायचे?

अमेरिकी डॉलर. १९९९ च्या बँक संकटानंतर इक्वेडोरने २००० साली आपलं सुक्रे हे चलन सोडून डॉलर स्वीकारला. भारतातून जाताना पाच, दहा आणि वीसच्या नोटा घ्या. पन्नास आणि शंभरची नोट दुकानदार, बसवाले, टॅक्सीवाले सहसा घेत नाहीत. एक डॉलरची नाणी इथे भरपूर चालतात, ती जपून ठेवा, बस आणि बाजारात उपयोगी पडतात.

नोटा अमेरिकेच्या असल्या तरी सेंटची काही नाणी इक्वेडोरची स्वतःची आहेत. ती देशाबाहेर कुठेही चालत नाहीत, निघायच्या आधी खर्चून टाका.

७. क्विटोच्या जुन्या शहरात काय चुकवू नये?

क्विटोचं जुनं शहर १९७८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. त्या यादीतल्या अगदी पहिल्या बारा जागांपैकी ते एक आहे. चालत दोन दिवस द्या. मेट्रो डिसेंबर २०२३ पासून सुरू आहे आणि तिचं एक स्थानक सान फ्रान्सिस्को चौकातच उघडतं, त्यामुळे नव्या शहरात उतरला असाल तरी येणं सोपं आहे.

सुरुवात प्लाझा ग्रांदेपासून करा. एका बाजूला राष्ट्राध्यक्षांचा कारोंदेलेत प्रासाद, दुसऱ्या बाजूला कॅथीड्रल, मधे बाकांवर वर्तमानपत्र वाचणारे आजोबा आणि बूटपॉलिशवाले. मधला स्तंभ १० ऑगस्ट १८०९ च्या स्वातंत्र्याच्या पहिल्या उठावाचा आहे. राष्ट्राध्यक्ष गार्सिया मोरेनो यांची १८७५ मध्ये याच प्रासादाच्या दारात हत्या झाली.

तिथून दोन मिनिटांवर ला कोम्पान्यिया हे जेझुइटांचं (एका कॅथलिक धर्मसंघाचं) चर्च आणि त्याच्यापुढे सान फ्रान्सिस्कोचा मठ. मठासमोरचा उतरता दगडी चौक संध्याकाळी पाहा. या मठाची कंतुन्याची गोष्ट प्रत्येक क्विटोकराला येते. कंतुन्या नावाच्या स्थानिक गवंड्याने चौकाचं काम वेळेत व्हावं म्हणून सैतानाशी करार केला, आणि शेवटचा एक दगड बसवला गेला नाही म्हणून त्याचा आत्मा वाचला. गोष्ट दंतकथा आहे, पण हा सगळा पसारा प्रत्यक्ष कुणाच्या हातांनी उभा राहिला हे ती सांगून जाते.

बासिलिका हे टोकदार मनोऱ्यांचं चर्च वसाहतकाळातलं नाही, त्याचं काम १९व्या शतकाच्या अखेरीस सुरू झालं. तरी जा. युरोपातल्या चर्चांवर जिथे राक्षसांची तोंडं असतात, तिथे इथे इग्वाना, कासवं आणि आर्माडिलो कोरले आहेत. मनोऱ्यावर चढता येतं, मात्र वरच्या शिड्या उभ्या आहेत, उंचीची भीती असेल तर खालीच थांबा.

८. गोव्यातली चर्च पाहिली आहेत. मग क्विटोची कशाला बघायची?

उलट गोवा पाहिलेल्यांनी तर बघायलाच हवीत. जुन्या गोव्यातलं बॉम जेझू १६०५ साली पूर्ण झालं आणि त्याच वर्षी क्विटोत ला कोम्पान्यियाचं काम सुरू झालं. दोन्ही जेझुइटांची, आणि तेव्हा स्पेन-पोर्तुगाल दोन्ही एकाच राजाच्या मुकुटाखाली होते. बॉम जेझू बाहेरून तांबूस जांभ्याचं, आतून तसं शांत. ला कोम्पान्यियाला मात्र १६० वर्षं लागली. बाहेरचा दर्शनी भाग करड्या ज्वालामुखी दगडात इतका बारीक कोरला आहे की पिळाच्या खांबांवरची पानं मोजता येतात. आत शिरलं की छतापासून वेदीपर्यंत सोन्याचा वर्ख. १७६५ मध्ये काम संपलं आणि १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना हाकलून दिलं. गोव्यातून पोर्तुगालने त्यांना त्याच्या काही वर्षं आधीच घालवलं होतं.

आत गेल्यावर वेदीकडे धावू नका. खांबांवरची भौमितिक नक्षी पाहा: ती स्पेनमधल्या मुस्लिम कारागिरीतून आलेली आहे, तिथे मूर्तीचा मागमूस नाही. मग दाराजवळचा गोल जिना शोधा. एका बाजूचा जिना खरा आहे आणि तोल साधण्यासाठी दुसऱ्या बाजूला तसाच जिना भिंतीवर रंगवला आहे. नरकाचं मोठं चित्रही दाराजवळच आहे, त्यात प्रत्येक पापाला त्याची ठरलेली शिक्षा दाखवली आहे.

दुसरी गोष्ट 'क्विटो शैली'ची. स्थानिक आणि मिश्रवंशीय कारागिरांनी युरोपातले धार्मिक विषय घेतले आणि आपल्या हाताने बदलले. कास्पिकारा या नावाने ओळखला जाणारा शिल्पकार मूळनिवासी होता. बेर्नार्दो दे लेगार्दाने १७३४ मध्ये घडवलेली पंखांची मेरी सान फ्रान्सिस्कोच्या मुख्य वेदीवर आहे. तिचा एक पाय सापावर आहे आणि सगळं अंग गिरकी घेतल्यासारखं वळलं आहे. इतकी हलती मेरी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

९. पानेसियो टेकडीवर चालत जाता येतं का?

जाता येतं, पण जाऊ नका. वाटेत पर्यटकांना लुटण्याचे प्रकार पूर्वीपासून होत आले आहेत. टॅक्सीने जा, तीच थांबवून ठेवा आणि तिनेच परत या. वरची ॲल्युमिनियमची मेरी साधारण सात हजार तुकडे जोडून केली आहे आणि ती लेगार्दाच्या त्याच मूर्तीची (प्रश्न ८) भव्य प्रतिकृती आहे. म्हणून आधी सान फ्रान्सिस्कोतली छोटी मूर्ती पाहून मग वर जाणं जास्त चांगलं.

१०. विषुववृत्ताची ती पिवळी रेषा खरी आहे का?

क्विटोच्या उत्तरेला 'मिताद देल मुंदो' इथे तीस मीटर उंच स्मारक आहे आणि त्याच्यासमोर रेषा आखली आहे. जीपीएसने मोजलं तर खरं विषुववृत्त तिथून साधारण अडीचशे मीटर उत्तरेला आहे. १७३६ मध्ये ला कोंदामीन, बुगे आणि गोदँ हे फ्रेंच वैज्ञानिक पृथ्वीचा आकार मोजायला इथे आले होते, स्मारक त्यांच्या कामाची आठवण आहे. त्या मोजमापातून पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर आहे हे पक्कं झालं. सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे हे फुगीरपण, कारण त्याचा संबंध पुढच्या प्रश्नाशी आहे.

शेजारच्या संग्रहालयात पाणी रेषेच्या एका बाजूला उजवीकडे आणि दुसऱ्या बाजूला डावीकडे फिरतं असं दाखवतात. मुलांना मजा येते, पण ते विज्ञान नाही. टबाएवढ्या भांड्यात पाणी कसं ओतलं यावरच त्याची दिशा ठरते. मुलं सोबत असतील तर हे त्यांना तिथेच सांगा.

११. चिंबोरासो एव्हरेस्टपेक्षा उंच आहे म्हणतात, ते खरं का?

समुद्रसपाटीपासून मोजलं तर नाही: चिंबोरासो ६,२६३ मीटर, एव्हरेस्ट ८,८४९. पण पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर चिंबोरासोचं शिखर एव्हरेस्टपेक्षा साधारण दोन किलोमीटर दूर आहे. कारण तो पृथ्वीच्या फुगीर पट्ट्यावर उभा आहे.

१८०२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हंबोल्टने चढायचा प्रयत्न केला आणि त्याला शिखराच्या बऱ्याच खाली थांबावं लागलं. शिखरावर पहिल्यांदा पोचला इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड विंपर, १८८० साली. सामान्य प्रवाशाने रिओबाम्बाहून गाडीने वरच्या निवाऱ्यापर्यंत जावं. वाटेत बिकुन्यांचे कळप दिसतात. लामाचे हे सडपातळ, सोनेरी नातेवाईक इक्वेडोरमधून नाहीसे झाले होते, ते १९८८ पासून पेरू आणि चिलेतून आणून पुन्हा इथे सोडले. पूर्वी या डोंगरावरून बर्फाच्या लाद्या तोडून, गवतात गुंडाळून, गाढवांवरून रिओबाम्बाच्या बाजारात सरबतासाठी आणत.

१२. कोतोपाक्सीवर गिर्यारोहक नसलेल्यांना जाता येतं का?

निवाऱ्यापर्यंत येतं. गाडी ४,६०० मीटरच्या आसपास थांबते, तिथून राखेच्या भुसभुशीत चढावरून ४,८६४ मीटरवरच्या निवाऱ्यापर्यंत तासभर लागतो. अंतर कमी आहे पण पाऊल टाकलं की अर्धं मागे घसरतं. नाहीच जमलं तर खाली लिम्पिओपुंगो तळ्याकाठची सपाट वाट आहे, तिथून शिखर आणखी चांगलं दिसतं. ५,८९७ मीटरच्या शिखरावर जायचं तर परवानाधारक गाईड हवाच.

डोंगर जिवंत आहे. १८७७ च्या उद्रेकात वितळलेल्या हिमाचा चिखल लाताकुंगापर्यंत वाहत गेला. २०१५ आणि २०२२ मध्येही तो जागा झाला होता. अशा वेळी वरचा भाग बंद करतात, म्हणून जाण्याच्या आदल्या दिवशी उद्यान उघडं आहे का ते हॉटेलात विचारून घ्या.

१३. किलोतोआचं तळं एका दिवसात होतं का?

क्विटोहून होतं, पण दिवस लांबतो आणि दमायला होतं. लाताकुंगाला मुक्काम केलात तर आरामात जमतं. कडा ३,९०० मीटरच्या आसपास आहे आणि हिरवंनिळं तळं साधारण तीनशे मीटर खाली. उतरणं अर्ध्या तासाचं, चढणं दीड तासाचंही होऊ शकतं. खेचरं मिळतात. ज्यांना दम लागतो त्यांनी काठावरूनच पाहावं, दृश्य तिथूनच जास्त मोठं आहे.

१४. ओतावालोला शनिवारीच जावं लागतं का?

पोंचोंच्या चौकातला बाजार रोज भरतो, पण शनिवारी तो आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्यांत पसरतो. गर्दी नको असेल तर बुधवार बरा.

वसाहतकाळात इथल्या किचवा या मूळनिवासी समाजाच्या विणकरांना ओब्राहे नावाच्या कारखान्यांत सक्तीने राबवून घेतलं जात असे. आज तेच लोक आपल्या मालाचे मालक आहेत आणि त्यांचा माल जगभर जातो. पुरुषांची लांब वेणी आणि बायकांचं भरतकामाचं पांढरं पोलकं हा त्यांचा रोजचा पोशाख आहे. फोटो विचारून काढा. भाव करायला हरकत नाही, पण हातमागाच्या वस्तूला यंत्राचा भाव मागू नका. उलटी बाजू पाहिली की फरक कळतो: हातमागावर गाठी आणि जोड दिसतात.

दुपार मोकळी असेल तर क्विकोचा या ज्वालामुखीच्या तळ्यावर जा.

१५. क्विटो पाहिलं की क्वेंकाची गरज आहे का?

वेळ असेल तर नक्की. क्विटो मोठं आणि दाटीचं, क्वेंका निवांत. १५५७ मध्ये वसलं, १९९९ मध्ये वारसा यादीत आलं, उंची साधारण २,५५० मीटर. तोमेबाम्बा नदीच्या उंच काठावर जुनी घरं टांगल्यासारखी उभी आहेत, खाली गवताच्या पट्ट्यावर लोक संध्याकाळी फिरायला येतात.

चौकात दोन कॅथीड्रल समोरासमोर आहेत. जुनं आता संग्रहालय आहे. त्याच्या मनोऱ्याचा वापर फ्रेंच वैज्ञानिकांनी (प्रश्न १०) मोजमापासाठी केला होता. नव्याचे निळे घुमट शहराची ओळख झाले आहेत. त्याचं काम १८८५ मध्ये सुरू झालं. पुढचे दोन मनोरे बुटके दिसतात, कारण पूर्ण उंचीचा भार खालच्या बांधकामाला पेलला नसता, म्हणून ते अर्धेच सोडले. शेजारी फुलबाजार आहे. पुमापुंगो इथे इंका नगराचे अवशेष आणि वस्तुसंग्रहालय एकत्र आहे, तिथे अर्धा दिवस द्या.

पनामा हॅट म्हणून जगभर विकली जाणारी टोपी इक्वेडोरची आहे. किनाऱ्यावरच्या तोकिया पात्यांपासून ती विणतात, आणि क्वेंका परिसर हे तिचं मोठं केंद्र आहे. या विणकामाला २०१२ मध्ये युनेस्कोने मान्यता दिली. जितकं बारीक विणकाम तितकी किंमत. टोपी उजेडासमोर धरून वीण पाहा.

क्वेंकाहून इंगापिर्काचं इंका सूर्यमंदिर आणि काहास राष्ट्रीय उद्यान या दोन दिवसभराच्या सहली होतात. काहासला रस्ता ४,००० मीटरपर्यंत चढतो, प्रश्न ४ विसरू नका.

१६. बान्योस ज्वालामुखीच्या पायथ्याशी आहे. राहणं धोक्याचं नाही का?

तुंगुरावा १९९९ मध्ये जागा झाला तेव्हा लष्कराने सगळं गाव रिकामं केलं होतं. काही महिन्यांनी गावकरी सैनिकांचा अडथळा मोडून घरी परतले आणि डोंगर २०१६ पर्यंत अधूनमधून धुमसत असतानाही तिथेच राहिले. आता तो शांत आहे. बाहेर पडायच्या वाटा रस्त्यांवर दाखवलेल्या असतात, त्या पाहून ठेवा.

गरम पाण्याची कुंडं, पायलोन देल दियाब्लोचा धबधबा आणि चर्चच्या भिंतींवरची मेरीच्या चमत्कारांची चित्रं हे मुख्य आकर्षण. चित्रांत ज्वालामुखी, पूल तुटणं, आग, सगळं आहे. आणि गल्लीतून चालताना मेल्कोचा नक्की पाहा: उसाचा घट्ट पाक दाराच्या चौकटीतल्या लाकडी खुंटीवर फेकायचा, ओढायचा, पुन्हा फेकायचा. गडद तपकिरी पाक काही मिनिटांत पांढरट होतो. गरम असतानाच एक तुकडा मागा, गार झाला की दाताला चिकटतो.

१७. 'सैतानाचं नाक' रेल्वेने जायचंय. तिकीट कुठे मिळेल?

अलाउसीजवळच्या उभ्या कड्यावरून गाडी पुढे-मागे करत नागमोडी उतरते, तो हा टप्पा. किनाऱ्याकडच्या ग्वायाकिलपासून क्विटोपर्यंतची रेल्वे १९०८ मध्ये पूर्ण झाली. रेल्वे चालवणारी सरकारी कंपनी २०२० मध्ये गुंडाळली गेली आणि पर्यटक गाड्या थांबल्या. जुन्या पुस्तकांत छापलेली वेळापत्रकं धरून बेत आखू नका. अलाउसीत चौकशी करूनच काय ते ठरवा. गाडी नसली तरी गाव सुंदर आहे आणि कडा समोरच्या डोंगरावरून दिसतो.

१८. शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

होत नाहीत, पण विचारून खावं लागतं. अँडीज ही बटाट्याची भूमी आहे. लोक्रो हे बटाटा आणि चीजचं दाट सूप, वर एवोकॅडोची फोड. यापिंगाचोस म्हणजे चीज भरून तव्यावर भाजलेल्या बटाट्याच्या टिक्क्या, शेंगदाण्याच्या रश्शाबरोबर. त्यांच्यासोबत सहसा अंडं आणि सॉसेज येतं, ते नको सांगा. चोक्लो म्हणजे मोठ्या दाण्याचं कणीस, मोते म्हणजे उकडलेला मका, उमिता म्हणजे मक्याच्या पानात वाफवलेला कोवळ्या मक्याचा लगदा. टेबलावर आही असतेच: झाडावरचा टोमॅटो आणि मिरची वाटून केलेली. ठेच्याची सवय असलेल्याला ती सौम्य वाटेल, पण जेवणाला चव आणते.

खरी अडचण दिसत नाही तिथे आहे. सूप मांसाच्या पाण्यात शिजतं, बटाटे डुकराच्या चरबीत परततात. 'सिन कार्ने' (मांस नको) एवढंच म्हटलं तर कोंबडी ताटात येऊ शकते. म्हणून 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' (मांस, कोंबडी, मासा नको) असं तिन्ही सांगा, आणि 'सिन मांतेका' म्हणजे चरबी नको. ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात मिळणारं फानेस्का सूप बारा कडधान्यांचं आणि धान्यांचं असलं तरी त्यात खारवलेला मासा असतो. जैन प्रवाशांनी क्विटो, क्वेंकातल्या मोठ्या बाजारातून फळं, मका, भात आणि कडधान्यं घेऊन स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. भाजलेला गिनीपिग म्हणजे कुय अनेक ठिकाणी दाराशीच सळईवर असतो, लहान मुलांना आधी सांगून ठेवा.

१९. बातम्या वाचून भीती वाटते. जाणं सुरक्षित आहे का?

भीती निराधार नाही. टोळ्यांच्या हिंसाचारामुळे जानेवारी २०२४ मध्ये सरकारने 'अंतर्गत सशस्त्र संघर्ष' जाहीर केला. याचा सर्वाधिक फटका ग्वायाकिल आणि किनारपट्टीला बसला. सिएरातली पर्यटनाची शहरं तुलनेने शांत आहेत. तिथला रोजचा धोका पाकीटमारीचा: ट्रॉलीबसची गर्दी, बाजार, बसमध्ये पायाशी ठेवलेली पिशवी. पिशवी मांडीवर ठेवा. अंधार पडल्यावर जुन्या शहरातल्या रिकाम्या गल्ल्या टाळा, टॅक्सी ॲपवरून बोलवा, रात्रीची बस घेऊ नका. डोंगरातले रस्तेही दिवसाच पाहण्यासारखे आहेत.

दुसरी गोष्ट 'पारो', म्हणजे देशव्यापी बंद. २०१९, २०२२ आणि २०२५ मध्ये अशा आंदोलनांत रस्ते दिवसचे दिवस अडवले गेले. आंदोलक मुख्यतः मूळनिवासी संघटना असतात आणि त्यांचा राग पर्यटकांवर नसतो, पण तुमची बस तरी अडकतेच. परतीच्या विमानाच्या आदल्या दोन रात्री ज्या शहरातून विमान आहे तिथेच मुक्काम ठेवा.

२०. एवढ्या लांब गेलोच आहोत तर गालापागोसही करावं का?

वेगळा आठवडा आणि वेगळं बजेट असेल तरच. परदेशी प्रौढांना उद्यानाचं प्रवेशशुल्क ऑगस्ट २०२४ पासून २०० डॉलर झालं आहे, विमान आणि मुक्काम वेगळा. क्वेंका कापून तीन दिवसांत गालापागोस उरकण्याचा बेत मला पटत नाही. त्यात दोन्हीकडचं अर्धंच बघून होतं.

२१. आम्ही फक्त डोंगरात फिरणार, जंगलात नाही. तरी पीतज्वराची लस घ्यावी लागेल का?

हो, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात. उंचावरच्या क्विटोत पीतज्वराचा धोका नाही, तेव्हा वैद्यकीय दृष्टीने लस नको असं वाचायला मिळतं, तेही बरोबर आहे. पण भारत सरकारचा नियम तुम्ही कुठल्या देशातून येता ते पाहतो, त्या देशात किती उंचीवर होता ते नाही. इक्वेडोर भारताच्या यादीत आहे. वैध दाखला नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

लस सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, नेहमीच्या दवाखान्यात नाही. तारीख आधी घ्यावी लागते. टोचल्यानंतर दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि मग तो आयुष्यभर चालतो. साठीच्या पुढचे, गरोदर स्त्रिया, अंड्याची ॲलर्जी असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी केंद्रावरच्या डॉक्टरांना हे आधी सांगावं. लस देता येत नसेल तर तसं लेखी घ्यावं, पण त्या पत्राने विलगीकरण टळेलच असं धरून चालू नका. सहलीत पेरू, कोलंबिया, ब्राझील किंवा बोलिव्हिया जोडणार असाल तर इक्वेडोरच्या सीमेवरही हाच दाखला विचारतात. पिवळी पुस्तिका मूळ स्वरूपातच लागते, फोनमधला फोटो चालत नाही. ती पासपोर्टसोबत हातातल्या बॅगेत ठेवा.